प्रेअरीतील वसंत : नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशातील पक्षीनिरीक्षण

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या नेब्रास्का राज्यात मार्च आणि एप्रिल हे महिने पक्षीनिरीक्षकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे मानले जातात. या काळात प्रेअरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात मार्गदर्शकांसमवेत पक्षीनिरीक्षण सहली काढल्या जातात. प्रथमदर्शनी हा प्रदेश ओसाड भासतो. झाडे विरळ, वस्ती तुरळक आणि क्षितिजापर्यंत वाळलेले पिवळे गवत. मात्र हा मोकळेपणा हीच येथील पक्ष्यांची मुख्य गरज आहे. ती ध्यानात घेतली, की या सहलींचे कडक नियमही समजू लागतात.

प्लॅट नदीवरील क्रौंच

अनेक सहलींचा प्रारंभ प्लॅट नदीच्या काठी होतो. टेक्सास, न्यू मेक्सिको आणि मेक्सिकोच्या उत्तर भागात हिवाळा घालवून कॅनडा व अलास्काकडे निघालेले सँडहिल क्रेन जातीचे लाखो क्रौंच पक्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत येथे मुक्काम करतात. दिवसा ते कापणीनंतर शेतांत उरलेले मक्याचे दाणे टिपतात आणि पुढील प्रवासासाठी अंगात चरबी साठवतात. रात्री मात्र ते नदीच्या उथळ पात्रात उभे राहून विसावा घेतात. कोयोटसारखा शिकारी प्राणी जवळ आल्यास पाण्याच्या आवाजाने त्याची चाहूल लागते.

गेल्या शतकात धरणे आणि कालवे यांमुळे नदीचा प्रवाह घटला. पात्र अरुंद झाले आणि वाळूच्या बेटांवर झाडोरा माजला. त्यामुळे उघड्या, उथळ पात्राचा थोडाच भाग शिल्लक राहिला असून तेथे पक्ष्यांची मोठी दाटी होते. ऑडुबॉन संस्थेने १९७४ मध्ये स्थापन केलेल्या रो अभयारण्यात हा झाडोरा हटवून पात्र मोकळे ठेवण्याचे काम चालते. तेथील नदीकाठच्या लाकडी लपणांतून पर्यटकांना पहाटे व सायंकाळी हे थवे पाहता येतात.

वाळूच्या टेकड्यांवरील नृत्य

नदीच्या उत्तरेस सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरवर सँडहिल्स हा वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश पसरलेला आहे. गवताच्या मुळांनी ही वाळू जागच्या जागी धरून ठेवली आहे. ग्रेटर प्रेअरी चिकन हा रानकोंबडीएवढा पक्षी येथे आढळतो. वसंतात त्याचे नर दररोज पहाटे आखूड गवताच्या एका ठरावीक जागेवर जमतात. मानेवरील लांब पिसे उभारून, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नारिंगी पिशव्या फुगवून ते पाय आपटीत घुमू लागतात. शांत हवेत हा घुमण्याचा आवाज दीड-दोन किलोमीटरपर्यंत पोहोचतो. माद्या मैदानात फिरून नर निवडतात. बहुतेक माद्यांची पसंती मोजक्याच नरांना मिळते. वर्षानुवर्षे तीच जागा वापरली जात असल्याने अशा एका मैदानाला धक्का लागला, तर आसपासच्या परिसरातील संपूर्ण विणीवर परिणाम होऊ शकतो.

म्हणूनच सहलीचे नियम कडक असतात. सूर्योदयापूर्वी, अंधार असतानाच सर्वांनी लपणात बसायचे. बोलणे, प्रकाशझोत टाकणे वा मध्येच उठून बाहेर पडणे वर्ज्य असते. नृत्य आटोपून पक्षी आपणहून निघून गेल्याखेरीज कोणालाही जागा सोडता येत नाही. पहाटेचे तापमान अनेकदा शून्याखाली असल्याने ही बैठक सोपी नसते. परंतु माद्यांच्या भेटीचे दिवस थोडे असतात. त्या दिवसांत माणसाच्या हालचालीने मैदान उधळले, तर वाया गेलेली संधी पुढील वसंतापर्यंत परत येत नाही.

गवत टिकले तरच

या पक्ष्याला झाडांचे वावडे आहे. उंच फांद्यांवर शिकारी पक्षी बसतात, त्यामुळे माद्या झाडे आणि उंच बांधकामे टाळून घरटी करतात. पूर्वी वणवे आणि रानगव्यांसारख्या बायसनांचे कळप यांमुळे प्रेअरी मोकळी राहत असे. आता वणवे विझवले जातात आणि सीडारची झाडे गवतात पसरतात. त्यांना आवर घालण्यासाठी पशुपालक व वनाधिकारी नियंत्रित आग लावतात.

नांगराने झालेली हानी याहून मोठी आहे. उंच गवताच्या मूळ प्रेअरीपैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्र आज शिल्लक असल्याचे मानले जाते. प्रेअरी चिकनची हीथ हेन ही पूर्वेकडील उपजाती १९३२ मध्ये नामशेष झाली. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांच्या पक्ष्यांची संख्या १९७० नंतर निम्म्याहून अधिक घटली आहे.

सँडहिल्स वाचले, ते प्रामुख्याने वाळूमुळे. १९०४ च्या किंकेड कायद्यान्वये येथे प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर जमीन देऊ करण्यात आली. परंतु हलक्या जमिनीत शेती साधली नाही आणि गुरांची कुरणेच टिकून राहिली. आजही यातील बहुतांश जमीन खासगी मालकीची आहे. काही पशुपालक शुल्क आकारून पर्यटकांना आपल्या कुरणातील लपणांपर्यंत नेतात. गुरांबरोबर पक्ष्यांपासूनही उत्पन्न मिळू लागल्यास गवत राखण्यास आणखी एक कारण मिळते.

एप्रिलअखेर नरांचे घुमणे ओसरू लागते. तोवर दक्षिण अमेरिकेतील गवताळ प्रदेशांतून अपलँड सँडपायपर परतू लागलेले असतात आणि कुंपणांच्या खांबांवर मेडोलार्कचे गाणे सुरू झालेले असते. लपणातून बाहेर पडणाऱ्या पर्यटकाला तोच माळ पुन्हा दिसतो. मात्र त्याला ओसाड म्हणणे आता कठीण जाते.