मे महिन्यातली बाराखडी

एक कागद, त्यावर चार चौकोन. एकात सुटी अक्षरं, दुसऱ्यात रोजच्या वापरातले सोपे शब्द, तिसऱ्यात पहिलीच्या पुस्तकात शोभेल असा चार वाक्यांचा परिच्छेद, आणि चौथ्यात दुसरीच्या पातळीची छोटीशी गोष्ट. हा कागद घेऊन कुणीतरी गावातल्या एका घराच्या ओसरीवर टेकतं आणि समोरच्या मुलाला परिच्छेद वाचायला सांगतं. जमला तर गोष्ट पुढे करायची. अडला तर शब्दांकडे यायचं, शब्दही अडले तर अक्षरांकडे. मूल जिथे सहज वाचतं, ती त्याची पातळी. सगळं काम चार-पाच मिनिटांत आटोपतं.

‘असर’ या नावाने २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत होणारी पाहणी ती हीच. २०१८ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत होती. करोनाच्या टाळेबंदीनंतर, २०२२ मध्ये, हा आकडा ४२.८ वर आला. म्हणजे पाच वर्षं शाळेत जाऊनही निम्म्याहून अधिक मुलांना ती गोष्ट वाचता येत नव्हती. हे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि आपण हळहळतो.

पण या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच छापून येते, आणि मला ती अधिक विलक्षण वाटते. शाळेच्या पाच वर्षांत जे हाती लागत नाही, ते यातल्या कितीतरी मुलांना काही आठवड्यांत साधतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत, समाजमंदिरात किंवा कुणाच्या अंगणात, बारावी झालेल्या एखाद्या ताईसमोर बसून. हे कसं शक्य आहे?

आधी आपली लिपीच बघू. बाराखडीचा तक्ता आपण इतक्या लहानपणी पाठ केलेला असतो की त्यातली करामत लक्षातच येत नाही. उभी चौतीस व्यंजनं धरा, आडवी बारा रूपं: क, का, कि, की… चारशेहून अधिक चौकोन तयार होतात. पण ते पाठ करायचे नसतातच. व्यंजनांच्या चौतीस खुणा आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार अशा दहा-अकरा खुणा, एवढ्यावर सगळा तक्ता उभा राहतो. ‘का’ आणि ‘मा’ ओळखणाऱ्या मुलाला ‘ळ’ भेटला की ‘ळा’ वेगळा शिकवावा लागत नाही. खूण जशी दिसते तसा तिचा उच्चार, थोडे अपवाद वगळले तर. शिवाय मराठी घरातल्या आठ वर्षांच्या मुलाजवळ हजारो शब्द आधीपासूनच असतात. ‘पाऊस’ म्हणजे काय ते त्याला कुणी सांगायला नको, तो फक्त कागदावर ओळखायचा आहे. (मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याला खूण आणि भाषा दोन्ही एकाच वेळी शिकाव्या लागतात, आणि तरी आपण त्याला त्याच घड्याळाने मोजतो.)

शाळेत बहुधा आधी अक्षरं येतात, मग काना नसलेले शब्द, मग काना, मग पहिली वेलांटी, असे महिने जातात. ज्या मुलाची मधली पंधरवडाभर शाळा बुडाली, त्याची एखादी मात्रा कायमची निसटते. सुट्टीतल्या शिबिरात अख्खा तक्ताच पहिल्या दिवशी भिंतीवर लागतो. रोज सगळ्यांनी मिळून तो तालात वाचायचा, मग ‘मू कुठे आहे, दाखव’ असा खेळ. अंगणात खडूने आखलेल्या तक्त्यावर ‘पा’वरून ‘नी’वर उडी मारली की ‘पानी’ झालं. ‘पाणी’ हवं असेल तर ‘णी’ शोधा! त्याच्या जोडीला पहिल्या दिवसापासून गोष्टही असते. ताई ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचते, मुलं आपापल्या कागदावर बोट फिरवत मागोमाग जातात. आधी गप्पा, मग गोष्ट, मग तक्ता, मग शब्दांचे खेळ, आणि शेवटी जे मनात येईल ते लिहायचं, चुकलं तरी चालेल.

या वेळी मुलाच्या डोक्यात काय घडत असेल? मुलांविषयी नाही, पण मोठ्यांविषयी एक थक्क करणारी माहिती आपल्याच लिपीच्या अभ्यासातून मिळाली आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायकाच, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं गेलं आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. मायकेल स्काइडे, उत्तम कुमार, फाल्क ह्युटिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. फरक मेंदूच्या वरच्या थरापुरता राहिला नव्हता. खोल आतल्या, उत्क्रांतीच्या हिशेबात फार जुन्या भागांचा दृष्टीच्या केंद्राशी असलेला ताळमेळ अधिक जुळला होता. वाचन ही माणसाने जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी शोधलेली गोष्ट. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः राखून ठेवलेली जागा नाही. तरीही तिशीतल्या बाईचा मेंदू अर्ध्या वर्षात तिला जागा करून देतो.

म्हणजे लिपी सुटसुटीत आहे आणि मेंदू तयार आहे. मग अडतं कुठे? याचं उत्तर शोधायला मुंबईच्या वस्त्यांत जावं लागतं. १९९५ मध्ये माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. चव्हाण रसायनशास्त्राचे प्राध्यापक, त्याआधी साक्षरता अभियानात उतरलेले. लांबे निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या. सुरुवात बालवाड्यांपासून झाली आणि जागा मिळेल तिथे त्या भरल्या: देवळात, कार्यालयात, कुणाच्या घरात. पुढे महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ आली. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळं बसवायची आणि त्यांना जे येत नाही तिथून सुरू करायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम काटेकोरपणे तपासलं आणि मुलांची प्रगती झाल्याचं आकड्यांत दिसलं.

मग उत्तर प्रदेशातला जौनपूर जिल्हा. २००५-०६ मध्ये तिथल्या काही गावांत ‘प्रथम’ने तरुणांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी बिनपगारी, शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. वर्गाला आलेल्या ज्या मुलांना आधी एकही अक्षर ओळखता येत नव्हतं, ती सगळी वर्षाच्या अखेरीस निदान अक्षरं ओळखू लागली. जिथे वर्ग नव्हते अशा गावांत हे प्रमाण ४० टक्के होतं. शिकवणारे कोण? डीएड नाही, बीएड नाही, असे हे तरुण. आपल्याकडे तरुण मुलांचा मोकळा वेळ म्हणजे त्यांना कुठल्या तरी वर्गात घालायची वेळ, असं आपण धरून चालतो. इथे तीच मुलं फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. या सगळ्या कहाणीत माझा जीव सर्वात जास्त जडला आहे तो त्यांच्यावर.

पण जौनपूरचा एक आकडा बोचत राहतो. वर्ग चालले त्या गावांतली फक्त ८ टक्के मुलं तिथे आली. शिकवणं जमलं, पण पोहोचणं राहून गेलं. म्हणून पुढचा प्रश्न सरकारी शाळांचा होता, कारण मुलं तिथे होती. २००८ च्या जूनमध्ये बिहारमध्ये सुट्टीतलं महिनाभराचं शिबिर झालं. तिसरी ते पाचवीची मागे पडलेली मुलं, आणि शिकवणारे सरकारी शाळेतलेच शिक्षक. एवढ्याशा काळातही वाचन मोजण्याइतकं सुधारलं. आणि गंमत पाहा: त्याच राज्यात शाळेच्या वर्षात शिक्षकांना हेच प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा जवळजवळ काहीच बदललं नाही.

मास्तर सुट्टीत शिकवू शकतात आणि जुलैत विसरतात, असं थोडंच आहे? फरक एवढाच की जूनमध्ये त्यांच्या डोक्यावर पोर्शन नव्हता. मुलाला काय येतं, हा त्या महिन्यातला एकमेव प्रश्न होता. शाळा उघडली की प्रश्न बदलतो: धडा कितवा झाला? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. पुस्तक पुढे जातं आणि तिसऱ्या बाकावरचं मूल पान बारावरच राहतं. २०१३-१४ मध्ये उत्तर प्रदेशात यावर तोड निघाली. शाळेच्या वेळेतच, पण इयत्ता बाजूला ठेवून, दहा-दहा किंवा वीस-वीस दिवसांची मिळून पन्नास दिवसांची शिबिरं. चौथीतली जी मुलगी शब्द वाचते ती पाचवीतल्या शब्द वाचणाऱ्या मुलाशेजारी बसणार, आणि परिच्छेद वाचू लागली की गट बदलणार. वर्ष संपताना या शाळांतली जवळपास निम्मी मुलं परिच्छेद किंवा गोष्ट वाचत होती. शिबिरं न झालेल्या शाळांत साधारण पाव.

सुट्टीचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर आठवतं. १९८२ मध्ये पहिलीत गेलेल्या तिथल्या शेकडो मुलांचा माग समाजशास्त्रज्ञ कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल यांनी अनेक वर्षं ठेवला. त्यांना दिसलं ते असं: शाळा चालू असताना गरीब आणि सुखवस्तू घरातली मुलं साधारण सारख्याच वेगाने पुढे जातात, अंतर वाढतं ते सुट्टीत. शाळा हा नळ. तो बंद झाला की घरी साठा असलेल्यांचं भागतं. अलीकडे पॉल फॉन हिप्पेल या संशोधकाने जुन्या चाचण्यांच्या मोजपट्टीवरच शंका घेतली, आणि ती शंका गंभीर आहे. सुट्टी अंतर वाढवते की नाही यावर वाद चालू दे. सुट्टी अंतर कमी करू शकते, हे मात्र बिहारच्या जूनने दाखवून दिलं आहे.

महाराष्ट्रात याचं मला सर्वात आवडलेलं रूप म्हणजे २०२२ मध्ये सुरू झालेलं ‘पहिले पाऊल’. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये शाळेत मेळावा भरतो. रांगोळ्या, तोरणं, मिरवणूक, आणि मग टेबलांवरून टेबलांकडे जात मूल उड्या मारतं, रंग ओळखतं, वस्तू मोजतं, चित्र पाहून बोलतं. पण मेळावा ही नुसती सुरुवात. त्या दिवशी वस्तीतल्या आयांचे माता गट बनतात आणि सुट्टीभर मोबाइलवर येणाऱ्या कल्पनांप्रमाणे घरीच काम चालतं: भाजी निवडताना शेंगा मोजणं, डब्यांची झाकणं जुळवणं, गोष्ट सांगून ‘पुढे काय झालं असेल?’ विचारणं. जूनमध्ये पुन्हा मेळावा. ज्या आईला स्वतःला लिहिता येत नाही, तीही यात पूर्ण शिक्षिका असते. तिच्या मुलाला शाळेच्या पहिल्या दिवसाआधी काय येतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि गोष्ट वाचता आली, त्यानंतर काय? दहा-बारा वर्षांच्या मुलाला मे महिन्यात वाचायला मिळतं काय? कित्येक गावांत पुस्तकं असतात ती शाळेच्या कपाटात, आणि सुट्टीत कपाटाला कुलूप. फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांनी गरीब वस्तीतल्या १७ शाळांत सलग तीन उन्हाळे एक सरळ प्रयोग केला. सुट्टीआधी पुस्तकांची जत्रा भरवली आणि प्रत्येक मुलाला त्याने स्वतः निवडलेली बारा पुस्तकं कायमची देऊन टाकली. ना शिकवणी, ना स्वाध्याय. तीन वर्षांनी ही मुलं वाचनात इतरांच्या पुढे निघालेली दिसली, साधारण सुट्टीतल्या शाळेने जेवढी जातात तेवढी. मुलांनी आवडीने उचललेल्या पुस्तकांत लोकप्रिय गायक आणि टीव्हीवरच्या कलाकारांची चरित्रं होती. मोठ्यांनी त्यांच्यासाठी बहुधा निवडली नसती, अशीच.