क्रीडा मंडळांतील स्वयंसेवक पडताळणी
मुलांच्या संपर्कात येणाऱ्या स्वयंसेवकाची नेमणुकीपूर्वी केलेली चौकशी म्हणजे स्वयंसेवक पडताळणी होय. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण (पोक्सो) नियम, २०२० नुसार क्रीडा अकादमींना कायम व कंत्राटी कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी बंधनकारक आहे. नियमात विनावेतन स्वयंसेवकाचा स्वतंत्र उल्लेख नाही; लहान कबड्डी मंडळांचा भार मात्र बहुधा त्याच्यावरच असतो. पनवेल शहर रायगड जिल्ह्यात असले, तरी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते; तेथील रहिवाशांची चारित्र्य पडताळणी हेच आयुक्तालय करते. या दाखल्यातून केवळ नोंद झालेले गुन्हे कळतात, म्हणून पूर्वीच्या मंडळाकडे विचारपूसही आवश्यक ठरते. हाताखालील व्यक्तीचा असा गुन्हा पोलिसांना न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखास पोक्सो कायद्याच्या कलम २१ नुसार १ वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.