'रुपयांत भरा' दिसलं की थांबा!
फाउंटन पेनच्या नादापायी माझं परदेशी दुकानांतून मागवणं चालूच असतं. पैसे भरताना बऱ्याचदा विचारतात, रुपयांत भरणार की डॉलरमध्ये? रुपये आपलेसे वाटतात, तिथंच फसगत होते. तो दर दुकानदाराच्या बाजूनं ठरतो, त्यात मार्जिन आधीच मिसळलेलं. वर दुकान परदेशी म्हणून आपल्या कित्येक बँका रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क लावतात. डॉलरच निवडा. मग उरतो बँकेचा फॉरेक्स मार्कअप: ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. १०,००० च्या पेनावर ४१३ रुपये, शाईची बाटलीच की! शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. मी आता तसलंच वापरतो. फक्त अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा, पैसे गेले की परत बंद.