वस्तू आणि त्यांच्यामधली जागा

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या शाळांत स्थिरचित्राची ओळख बहुधा कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांतून होते. घडा, वाटी, एखादे फळ आणि मागे चुण्या पडलेले कापड रंगवताना वस्तू एकमेकींना कितपत झाकतात, प्रकाश कोणत्या बाजूने येतो, सावली वस्तूला जमिनीशी जोडते की नाही, हे पाहण्याची शिस्त तिथे लागते; या शिस्तीलाच संयोजन, म्हणजे चौकटीतील आकार, रंग व रिकाम्या जागा यांची परस्परांशी घातलेली सांगड, असे म्हणतात. वस्तूंच्या अर्थाचा विचार मात्र तिथे सहसा होत नाही, आणि घटस्थापनेचा कलश, त्यावरची आंब्याची पाने व नारळ यांचा अर्थ घरोघरी ठाऊक असलेल्या समाजात ही उणीव थोडी नवलाचीच आहे.

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी कवटी, विझलेली मेणबत्ती व घड्याळ यांतून जीवनाची नश्वरता सुचवली. पण टेबलाच्या कडेबाहेर डोकावणारी, कोणत्याही क्षणी कलंडेल अशी थाळी तेच सांगते, आणि ते केवळ तिच्या जागेमुळे.

मुंबईत १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपमधील के. एच. आरा यांनी फुले व भांडी रंगवताना रंग आणि आकार यांवरच भिस्त ठेवली, तर त्यांचेच सहकारी, गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी चर्चमधील उपासनेची पात्रे जाड काळ्या रेषांत बांधून त्यांच्या पावित्र्याला एक धारदारपणा दिला.

या दोहोंहून वेगळी वाट धरली ती नागाव येथे १९३६ साली जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि पुढे विणकर सेवा केंद्रात काम केलेल्या प्रभाकर बरवे यांनी. त्यांच्या चित्रांत टेबल बहुधा नसतेच. पान, घड्याळ, किल्ली यांसारख्या वस्तू एनॅमल रंगांच्या सपाट, शांत पृष्ठभागावर तरंगत असतात, आणि पान मोठे तर घड्याळ लहान अशी प्रमाणांची उलथापालथही त्यांना वर्ज्य नसते. घड्याळ म्हणजे काळ, असे ठरीव समीकरण इथे पुरे पडत नाही, कारण पानाजवळचे घड्याळ आणि किल्लीजवळचे घड्याळ निरनिराळे बोलते. प्रतीक, म्हणजे स्वतःपलीकडचे काही सुचवणारी वस्तू, इथे शेजाराने घडते. ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० मधील त्यांच्या पुस्तकाच्या नावातही वस्तूंआधीची रिकामी जागाच पुढे येते.