सीमेवरची पाखरे

राजकारण, भाषा आणि पाखरे हे तीन विषय एकत्र का आले, असे कोणी विचारील तर आमचे उत्तर सोपे आहे. रामनगरात राहणाऱ्या माणसाला ते वेगळे करता येत नाहीत. बेळगावहून गोव्यास जाणारा रस्ता गावावरून अनमोडच्या घाटाकडे जातो. चहाच्या दुकानात बसले तर एका बाकावर कोंकणी, दुसऱ्यावर मराठी आणि गल्ल्यापाशी कन्नड ऐकू येते. डोक्यावरून धनेशाची जोडी पंखांचा मोठा आवाज करीत रान ओलांडते. तेव्हा बोलणे राजकारणावर सुरू झाले तरी भाषेवर येते, आणि भाषेवरून पाखरांवर जाते.

आमच्या या भागाने एका जागी राहून अनेक राज्ये पाहिली. इंग्रजी अमदानीत हा कारवार जिल्हा आधी मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली तो मुंबई इलाख्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा तो म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले. धर्मप्रांताची रेषाही सरकत आली. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ साली झाला आणि त्यातून कारवारचा १९७६ साली. पुढे काळी नदीवर सुपे येथे धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तेथल्या कित्येक कुटुंबांनी रामनगरात नवी चूल मांडली. तालुक्याची कचेरी जोयड्यास गेली, तरी म्हातारी माणसे अजून ‘सुपे तालुका’ असेच म्हणतात. ज्यांचे गावच बुडाले, त्यांना नकाशावरच्या रेषेचे फारसे नवल वाटत नाही.

तरीही त्या रेषेवरून भांडण झाले, आणि ते अद्याप मिटलेले नाही. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला. २६४ गावे महाराष्ट्रास आणि २४७ गावे कर्नाटकास द्यावीत, अशी त्याची शिफारस होती. ती महाराष्ट्राने मानली नाही. सुपे, हल्याळ आणि कारवार या भागांवरही महाराष्ट्राने हक्क सांगितला होता. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कोणाचा पक्ष खरा, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु या वादाचा चटका घराच्या उंबऱ्याच्या आत कसा बसतो, ते आम्हांस ठाऊक आहे. मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे, या प्रश्नावरून आजोबा आणि मुलगा जेवणाच्या पाटावर अबोला धरतात. आजोबांना वाटते, मराठी गेली तर घरातली प्रार्थना आणि गीते जातील. मुलाला वाटते, कन्नड आली नाही तर नोकरी मिळणार नाही. दोघेही खरे बोलतात, म्हणूनच ते भांडण कठीण असते.

अशा वेळी आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. हे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी मराठीची थोरवी गाताना पाखरांमधल्या मोराचा दाखला दिला आहे. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेला मोराची उपमा द्यावी, याचा कोणा मराठी माणसाला अभिमान वाटणार नाही? परंतु गोष्ट येथेच संपत नाही. याच फादरांनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. एका भाषेचे कौतुक करण्यासाठी त्यांना दुसरीचा दुस्वास करावा लागला नाही. मोर सुंदर खरा; पण रानात केवळ मोरच असते तर ते रान कसले? पहाटे शीळ घालणारा कस्तूर, दुपारी ठोके देणारा तांबट, सायंकाळी कुंपणावर गाणारा दयाळ, या साऱ्यांनी मिळून रान होते.

आणि भाषा तरी एकमेकींपासून कोठे इतक्या दूर आहेत? आपल्या ताटातले ‘तूप’ आणि पानाच्या डब्यातला ‘अडकित्ता’ हे शब्द कन्नडातून आले. ‘चावी’, ‘पगार’ आणि ‘पाद्री’ पोर्तुगीजांनी दिले. मराठीतला कावळा कोंकणीत कावळो होतो आणि कन्नडात कागे. कावळा मात्र तिन्ही अंगणांत एकाच सुरात ओरडतो. धनेशाला कोकणात ककणेर म्हणतात, कन्नडात मंगट्टे. महाराष्ट्राने हरियालाला राज्यपक्षी मानले, कर्नाटकाने नीलकंठाला, गोव्याने केशरी गळ्याच्या बुलबुलाला. हे तिन्ही पक्षी काळी नदीच्या खोऱ्यात नांदतात. कोणी कोणाला हद्दपार केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता पाखरांशी मैत्री कशी होते, ते सांगतो, कारण त्यातच आमचे बाकीचे म्हणणे आले. एका पसरट मातीच्या भांड्यात किंवा करवंटीत पाणी घालून ते झाडाच्या सावलीत, मांजराची झेप पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावे. पाणी रोज बदलावे. जवळ मूठभर कण्या किंवा पिकल्या पपईची फोड ठेवावी. खारट, तळलेले काही ठेवू नये. मग ठरावीक वेळी दूर बसावे, हालचाल करू नये आणि टक लावून पाहू नये. पहिले कित्येक दिवस काहीच घडत नाही. नंतर बुलबुल येतो, एक घोट घेतो आणि उडून जातो. साळुंकी त्याहून धीट. माती खणताना दयाळ अळ्यांच्या आशेने जवळ उतरतो. महिन्याभराने बसण्याची जागा दोन हात पुढे सरकवावी. पाखराला हातात धरण्याची इच्छा मनातून काढून टाकावी, ही यातली मुख्य अट. पोपटाचे पिल्लू आणून पिंजऱ्यात घालणे ही मैत्री नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे.

विश्वास मिळविण्यास महिने लागतात आणि गमावण्यास एक दगड पुरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ या शास्त्रज्ञाने कावळ्यांवर एक प्रयोग केला. विशिष्ट मुखवटा घालून त्यांनी काही कावळे पकडले आणि खुणेचे कडे घालून सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे ओरडून अंगावर येत. आश्चर्य असे की जे कावळे कधी पकडलेच गेले नव्हते, तेही त्या ओरडण्यात सामील झाले. पिल्लांनी तो राग आईबापांकडून घेतला होता. हे वाचून आम्ही अंतर्मुख झालो. सीमेच्या भांडणात जी मुले आज घोषणा देतात, त्यांतली बहुतेक १९५६ साली जन्मलीही नव्हती. जुन्या अन्यायाची आठवण ठेवू नये, असे आम्ही म्हणत नाही. न्याय मागावाच. परंतु शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहताना आपण माणूस पाहतो की मुखवटा, एवढे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

मारुती चितमपल्ली हे नाव पुष्कळ वाचकांस परिचित असेल. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने मराठीला पक्षिकोश दिला. २०२५ साली ते निवर्तले. त्यांनी रानातली नावे रानात राहणाऱ्यांकडूनच विचारून घेतली आणि मराठीचे भांडार वाढविले. भाषा राखण्याची ही रीत आम्हांस फार आवडते. पाटीवरच्या अक्षरांसाठी झगडणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्या घरात मुलाला अंगणातल्या दहा पाखरांची नावे आईच्या बोलीत येत नाहीत, तेथे पाटी मराठी असली काय आणि नसली काय!

असिसीच्या संत फ्रान्सिसने पाखरांना भावंडे मानले. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. त्यांचा सण ४ ऑक्टोबरला येतो; परंतु पाखरांना पाण्याची खरी गरज मार्च ते मे या महिन्यांत असते. म्हणून वाचक कुटुंबांना आमची विनंती आहे की येत्या उन्हाळ्यात अंगणात एक भांडे ठेवावे. मुलांच्या हातातली गलोल काढून घेऊन त्यांना एक वही द्यावी. जे पाखरू येईल त्याचे नाव मुलाने आजीकडून मराठीत किंवा कोंकणीत लिहून घ्यावे, आणि मग कुंपणापलीकडच्या कन्नड शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या भाषेतले नावही विचारावे. शेजारी ते आनंदाने सांगतील, असा आमचा अनुभव आहे. बहुधा चहाही देतील.

सीमेचा निकाल न्यायालय लावील तेव्हा लावील. त्या वहीला मात्र आजच सुरुवात करता येईल.