जर... तर? इथेच जन्मते विज्ञानकथा!

१ एप्रिल १८५८. झाशीला इंग्रजांचा वेढा पडलेला. राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीला तात्या टोपे सुमारे २० हजारांची फौज घेऊन बेतवा नदीपाशी येऊन ठेपले. पण सर ह्यू रोज वेढा न उठवताच, मोजक्या सैन्यानिशी त्यांच्यावर चालून गेला. तात्यांना माघार घ्यावी लागली आणि काही दिवसांतच झाशी पडली.

त्या दिवशी तात्या जिंकले असते तर?

झाशीचा किल्ला उतरताना मराठी माणसाच्या मनात हा प्रश्न येतोच. तो एक सुस्कारा सोडतो आणि गाडी पकडतो. विज्ञानकथा लिहिणारा मात्र तिथेच थांबतो. त्याच्या कथेचं बी या 'जर-तर'मध्येच दडलेलं असतं.

डॉ. जयंत नारळीकरांनी असाच प्रश्न पानिपताला विचारला. १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निसटून गेली असती तर? 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा मुंबईत पोहोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. ईस्ट इंडिया कंपनी तिथे अजूनही आहे, पण मुंबईपुरती! विश्वासरावांच्या एका गोळीनंतर जे-जे बदललं असतं, ते नारळीकरांनी एकेक करून बदललं. मग हे घडलं कसं, याचं उत्तर त्यांनी जादूटोण्यात न शोधता पुंजभौतिकीत शोधलं.

हीच या लेखनातली खरी मेख. लेखकाला एकच थाप माफ असते. त्यापुढे सगळा हिशेब चोख हवा!

नाव लपवलं, कथा जिंकली

नारळीकरांनी स्वतःची परीक्षाही तितकीच चोख घेतली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली. तेव्हा ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, जगभर ख्याती झालेली होती. नाव पाहूनच बक्षीस मिळायला नको, म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतलं. पण परिषदेची मंडळी त्यांचं अक्षर ओळखत होती. मग पत्नी मंगलाताईंनी कथा आपल्या हातानं लिहून काढली. जगतापांच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं!

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. तरीही विज्ञानकथा म्हणजे मुलांची करमणूक, असं नाक मुरडणारे होतेच. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, तेव्हा विज्ञानकथेला उशिरा का होईना, मानाचं पान मिळालं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

पोटापाण्याचं काय?

केवळ विज्ञानकथेवर मराठीत संसार चालणं कठीण. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात शास्त्रज्ञ, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनियर. नोकरी सांभाळून, दिवाळी अंकांच्या तारखा गाठत ही मंडळी लिहीत आली. पण हीच नोकरी कथेला खाद्यही पुरवते. प्रयोगशाळेत वावरलेल्या माणसाला यंत्र कुठे कुरकुरतं, हे ऐकीव माहितीवर लिहावं लागत नाही. आणि कथा कसदार असेल, तर ती दूरवर पोहोचते. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' १९९८ साली अमेरिकेत निघालेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहात इंग्रजीतून झळकली.

तेव्हा बेतवाकाठी तात्यांना खुशाल जिंकवा! पण मग तारायंत्र कोणाच्या हाती राहिलं? झाशीला रेल्वे कोणी आणली, आणि केव्हा? याची उत्तरं मात्र वाचक मागणारच.