थेरपी सेंटरचं सॉफ्टवेअर : कोणाला काय दिसायला हवं?

बडोद्यात दोन मराठी माणसं भेटली की पाच मिनिटांत ओळख निघते. "तुम्ही रावपुऱ्यातले? मग आमच्या आत्याला ओळखत असणार!" लग्नाच्या पंगतीत हे छान वाटतं. लहान मुलांच्या वर्तन-थेरपी सेंटरचं सॉफ्टवेअर लावून देताना मात्र मला सगळ्यात जास्त विचार याच गोष्टीचा करावा लागला.

माझी चुलत वहिनी असं सेंटर चालवते. तीन थेरपिस्ट, रिसेप्शनवर एक ताई आणि चाळीसच्या आसपास मुलं, बहुतेक ऑटिझम असलेली. आजवर सगळा कारभार फायली, वही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. मी आयटीत नोकरी करतो, एवढ्या भांडवलावर घरच्यांनी हे काम माझ्याकडे दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या थेरपीत मुलाचं वागणं मोजतात. वागण्याच्या आधी काय घडलं, मुलाने काय केलं आणि त्यानंतर काय झालं, या तीन गोष्टी दर वेळी लिहायच्या. नवी गोष्ट शिकवताना मुलाला किती मदत लागली तेही नोंदवायचं : हात धरून करून घेतलं, खुणेने दाखवलं, नुसतं सांगितलं, की आपलं आपण केलं. महिन्याभराने आलेख काढला की शिकवण्याची पद्धत बदलायची की नाही ते कळतं. म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अपॉइंटमेंट आणि पावत्यांबरोबर हे सगळं मोजमापही बसायला हवं.

वहिनीने निवडलेलं सॉफ्टवेअर अमेरिकन होतं. तिकडे ही थेरपी बहुतेक विम्यावर चालते, त्यामुळे आतला सगळा सांगाडाच विम्याचा. वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मोजायची, प्रत्येक तुकड्याला कोड लावायचा, विमा कंपनीची पूर्वपरवानगी संपत आली की लाल दिवा. आपल्याकडे पाऊण तासाचं सेशन आणि महिन्याची फी यूपीआयने! पहिले दोन दिवस मी फक्त गोष्टी बंद करत होतो. तारखेची मांडणीही बदलली, कारण तिकडे महिना आधी लिहितात. ३ जुलैचा जन्म ७ मार्चचा झाला की वय चुकतं आणि वयावर आधारलेल्या चाचणीचा निकालही चुकतो. सुट्ट्यांच्या कॅलेंडरमध्ये उत्तरायण घातलं आणि नवरात्रीचे नऊ दिवस सकाळची सेशन्स अकरानंतर ढकलली. रात्री एकपर्यंत गरबा चालतो त्या गल्लीतलं मूल सकाळी नऊला खुर्चीत बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

हे सगळं सोपं. खरं काम होतं ते कोणाला काय दिसेल हे ठरवायचं.

सॉफ्टवेअरमध्ये 'स्टाफ' नावाची एकच तयार भूमिका होती आणि तिला जवळजवळ सगळं दिसत होतं. म्हणजे रिसेप्शनवरच्या ताईंनी फी घ्यायला मुलाचं पान उघडलं की निदान, घरातली भांडणं, औषधं, सगळं समोर. ताई अतिशय सज्जन आहेत, प्रश्न त्यांच्या स्वभावाचा नाहीच. पण त्या आपल्याच समाजातल्या. येणाऱ्या दर चार घरांतलं एक त्यांच्या ओळखीचं. गणपतीच्या आरतीला समोरासमोर आल्यावर आपल्या नातवाबद्दल यांना किती माहीत आहे, हा विचार कोणत्याही आजीच्या मनात येऊ नये.

म्हणून मी वेगळ्या भूमिका केल्या. रिसेप्शनला नाव, वेळ, फोन आणि फी. थेरपिस्टला फक्त स्वतःकडची मुलं. सगळं फक्त वहिनीला. मग प्रत्येक भूमिकेने स्वतः लॉगिन करून पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. मुलाचं पान बंद होतं, पण वरच्या शोधपेटीत आडनाव टाकलं की नावाखाली बारीक अक्षरांत निदान दिसत होतं! कॅलेंडरवरही सेवेचं पूर्ण नाव रंगीत पट्टीत येत होतं आणि तो स्क्रीन थेट वाट पाहणाऱ्या पालकांकडे तोंड करून. सेवांची नावं बदलून 'सत्र अ', 'सत्र आ' केली आणि स्क्रीन भिंतीकडे फिरवला. या दुसऱ्या उपायाला सॉफ्टवेअर लागत नाही. कोणी कोणतं पान कधी उघडलं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं, ती दर सोमवारी वहिनीला मिळेल अशी सोय केली.

मग पालकांचे लॉगिन. फॉर्ममध्ये 'पालक एक' आणि 'पालक दोन' एवढेच रकाने. आपल्या घरांत मुलाला आणायला आजी येते, फी काका भरतो आणि निर्णय आईबाबा घेतात. एका आईने वहिनीला स्पष्ट सांगितलं होतं, "सासूबाईंना फक्त 'बोलायला शिकवतात' एवढंच माहीत आहे. बाकीचं मी सांगेन, पण माझ्या वेळेने." हे बरोबर की चूक, हा सेंटरचा प्रश्न नाही. मुलाला घेऊन जाण्याची परवानगी आणि अहवाल वाचण्याची परवानगी मी दोन वेगळ्या खुणा केल्या.

आठवणीच्या एसएमएसचंही तेच. भारतात असे व्यावसायिक संदेश पाठवायचे तर ट्रायच्या नियमांनुसार मजकुराचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून एकदाच नीट विचार करून लिहायचा. आम्ही लिहिलं : उद्या चार वाजता आपली वेळ आहे. मुलाचं नाव नाही, थेरपीचा उल्लेख नाही. फोन टीपॉयवर पडलेला असतो आणि बंद स्क्रीनवरही संदेश वाचता येतो. पावतीवर मात्र थेरपीचं नाव, तारीख आणि थेरपिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक पूर्ण छापायचा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत ऑटिझम असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, आणि दावा करताना मोघम पावती घेऊन पालकांनी काय करायचं?

भाषेचा घोळ मला सगळ्यात आवडला. शिकवायच्या शब्दांची यादी इंग्रजीत तयार मिळते. आमच्याकडे थेरपिस्ट गुजराती, घर मराठी, शाळा इंग्रजी. थेरपिस्टने चित्र दाखवलं, मूल म्हणालं "मांजर". यादीत होतं 'बिलाडी'. टॅबलेटवर चूक! घरी 'पोळी' मागणाऱ्या मुलाने इथे 'रोटली' म्हणावं असा हट्ट का? मी प्रत्येक शब्दासमोर घरचा शब्द घालायचा रकाना वाढवला आणि दोन्ही उत्तरं बरोबर धरली. घरचे शब्द आईकडून भरून घ्यायचे. त्यात 'मम', 'भूभू' आणि आजोबांनी काढलेली दोन-चार खास नावंही आली, ती तशीच ठेवली.

सेशनच्या नोंदीत विशेषणांना जागा ठेवली नाही. 'हट्टीपणा केला' असं लिहायची सोयच नको. 'वीस मिनिटांत सहा वेळा उठला, दोनदा सांगितल्यावर बसला' असं लिहा. नोंद दुसऱ्या दिवशी बंद होते. नंतर दुरुस्ती केली तरी जुनं वाक्य खाली राहतं. थेरपिस्ट सुरुवातीला कुरकुरल्या. वहिनी त्यांना म्हणाली, "दहा वर्षांनी हा मुलगा स्वतः हे वाचेल असं धरून लिहा."

संमतीचे फॉर्मही वेगळे केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांत दवाखान्यांना उपचारापुरती सूट आहे, पण सेंटरच्या जाहिरातीत मुलाचा फोटो टाकणं म्हणजे उपचार नव्हे. म्हणून थेरपी, थेरपिस्टच्या प्रशिक्षणासाठी व्हिडिओ आणि प्रसिद्धीसाठी फोटो अशा तीन वेगळ्या संमत्या आणि तिन्ही चौकटी आधी रिकाम्या. बहुतेक पालकांनी तिसरी रिकामीच ठेवली.

शेवटचं तपासलं ते मूल सेंटर सोडून जातं तेव्हाचं. बाबांची बदली पुण्याला झाली तर तिथल्या थेरपिस्टला काय द्यायचं? 'एक्स्पोर्ट' दाबल्यावर आलेखांची फक्त चित्रं येत होती, आकडे नाहीत. चित्रावर पुढचं काम होत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. कंपनीला तीनदा लिहिल्यावर आकड्यांची फाइल निघायला लागली. आता फाइल पासवर्ड घालून पालकांच्याच हातात द्यायची आणि पासवर्ड फोनवर सांगायचा, असं ठरलं आहे. एका मुलाची दोन वर्षांची फाइल काढून पाहिली. पहिल्या पानावर पाणी मागायला हात धरून ग्लासापर्यंत न्यावं लागत होतं. शेवटच्या पानावर 'पाणी दे' समोर आठवडाभर एकच नोंद होती : आपलं आपण.